घटातली माती कुणाची?

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघर घट बसतात आणि त्याच सुमारास मराठी विभागांतून व वाङ्मय मंडळांतून 'शक्तिपूजा आणि साहित्य' अशा मथळ्याची व्याख्याने होतात. त्यांचा साचा आता इतका पक्का झाला आहे की वक्ता बदलला तरी टिपणे बदलावी लागत नाहीत. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, त्याचे तेरा अध्याय, महिषासुराचा वध, मग एकनाथांचे जोगव्याचे भारूड, गोंधळाचे एखादे सादरीकरण, आणि समारोपाला 'आजची स्त्री हीच दुर्गा' हे ठरलेले वाक्य. या साच्यातील एकही गोष्ट खोटी नाही. तरीही शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांतून आमच्या वर्गात येणाऱ्या मुलामुलींना हे सारे ऐकताना आपल्या घरच्या देव्हाऱ्याशी त्याचे नाते काय, हे उमगत नसावे, अशी शंका आम्हांला बरीच वर्षे येत होती.

म्हणून एका वर्षी दसऱ्याच्या सुट्टीनंतर आम्ही वर्गाला एक साधे काम दिले. आपल्या घरी घट कसा बसला, ते एका पानात लिहा. पुस्तकातले काही नको. पाने आली. त्यांतील बहुतेकांत, सूचना धाब्यावर बसवून, महिषासुर आलाच होता. दौंड तालुक्यातील एका मुलीच्या पानात मात्र तो नव्हता. तिने लिहिले होते की त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली, त्यामुळे घटाची माती आई दरवर्षी माहेरच्या रानातून, म्हणजे मामांकडून आणते. त्या रानातल्या आपल्या वाट्यावर आईने लग्नानंतर काही वर्षांतच हक्क सोडल्याची सही केली आहे. पानाचा शेवट असा होता : 'आई माती तेवढी मागून आणते.'

या वाक्यावर गुण किती द्यावेत, हे आम्हांला ठरवता आले नाही. आमच्या टिपणांत या वाक्याला जागाच नव्हती. प्रस्तुत लेख ही ती जागा करण्याची खटपट आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : नवरात्राची जी संहिता आपण साहित्याचे लोक शिकवत आलो ती युद्धाची आहे, आणि या भागातील घरात जी बसते ती पेरणीची आहे. ही दुसरी संहिता वाचायला घेतली की 'माती कुणाची' हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रथम घटाकडेच पाहू. पत्रावळीवर किंवा बुरडाने विणलेल्या टोपलीत रानातली काळी माती चाळून, शेणखत मिसळून पसरतात. मधोमध मातीचा कच्चा-पक्का भाजलेला घट ठेवतात, तो पाण्याने भरतात, तोंडाशी विड्याची पाने आणि वर नारळ. भोवतीच्या मातीत सात किंवा नऊ प्रकारचे धान्य पेरतात : गहू, ज्वारी, हरभरा, करडई, जवस, घरात जे बियाणे असेल ते. घट मुद्दाम पाझरणारा असतो. त्यातून ओल झिरपत राहते आणि बी उगवते. वर रोज एक माळ चढते. पहिली विड्याच्या पानांची, पुढे रानात त्या दिवसांत जे फुलले असेल त्याची. कारळ्याची पिवळी फुले, तरवडाची फुले, झेंडू. शेजारी नऊ दिवस तेवता दिवा. नवव्या दिवशी टोपलीत बोटभर उंचीचे, उजेड न मिळाल्यामुळे फिकट पिवळे राहिलेले कोंब दाट उभे असतात. दसऱ्याला घट हलतो, आणि ते कोंब खुडून घरातले पुरुष टोपीत किंवा फेट्यात तुऱ्यासारखे खोवतात.

ही सारी मांडणी त्या ऋतूच्या शेतकामाशी बोलते. नवरात्र बहुधा हस्त नक्षत्राच्या आगेमागे येते. ज्याला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो आणि ज्याच्या नावाने मुली हादगा खेळतात, तोच हा काळ. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात खरीप बेभरवशाचे. खरी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर, विशेषतः मालदांडीवर, आणि तिची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, रानाला वाफसा आला की. पाभर बाहेर पडायच्या दिवसांत घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तेच बी, तीच माती, तीच ओल मांडून ठेवलेली असते. घट ही बियाण्याची उगवणचाचणी होती, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण आम्हांला पटते, पण पुरेसे वाटत नाही. निव्वळ चाचणीच घ्यायची तर ओल्या फडक्यात चार दाणे बांधून भागते. त्यासाठी दिवा, माळ आणि नऊ दिवसांचा उपास लागत नाही. पेरणीपूर्वीची धास्ती आणि आशा यांना आकार देणारी ही कृती आहे, आणि आकार देणे हे तर आपल्या, म्हणजे वाङ्मयाच्या, विषयातले काम आहे.

या आकारात असुर कुठेही नाही. टोपलीत शस्त्र नाही, वध नाही, विजय नाही. देवीच्या नावांत मात्र युद्धाचे पडसाद सापडतात, आणि त्यांमुळे ही तफावत आणखी लक्षात येते. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभ गावी फिरंगाई आहे. अनेक घराण्यांची ती कुलदेवता. फिरंग म्हणजे युरोपी पात्याची सरळ तलवार, त्यामुळे हे नाव कानी पडले की मराठी माणसाच्या मनात आधी शस्त्रच चमकते. पण फिरंगाईचे नवरात्र जी घरे पाळतात त्यांच्या घरात ती माती-पाण्याच्या रूपानेच बसते. गावाच्या नावातही 'कुंभ' हा शब्द ऐकू यावा, हा योगायोग मानला तरी अर्थपूर्ण आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावाने तर देवीला आपल्या नावातच सामावून घेतले आहे. यमाई किंवा येमाई या नावाची, रामाने देवीला 'ये माई' अशी हाक मारल्याची कथा साताऱ्याकडे औंधच्या यमाईच्या संदर्भात आवडीने सांगतात. भाषाशास्त्र या कथेला मान्यता देणार नाही. पण या नावाची कथा रचताना लोकांनी देवीच्या हातातले शस्त्र न घेता तिला मारलेली हाक घेतली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अभ्यासकांना हे माहीत नव्हते असे नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात देवीची उपासना भूमीच्या सर्जनाशी जोडली, वारूळ आणि कुंभ ही मातृगर्भाची प्रतीके कशी आहेत हे रेणुका-यल्लम्मेच्या संदर्भात उलगडले. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुले यांनी दसऱ्याला ओवाळताना बायका बळीचे राज्य येवो असे म्हणतात, या लोकरूढीवर बोट ठेवून सगळा सणच शेतकऱ्यांच्या राजाच्या स्मृतीकडे वळवला होता. ढेरे आणि फुले यांच्या पद्धती वेगळ्या, हेतू वेगळे. एकाचा इतिहास दुसऱ्याला मान्य होईलच असे नाही. पण दोघांनाही या उत्सवाच्या तळाशी माती दिसली. बंगालातही दुर्गेच्या भव्य युद्धमूर्तीशेजारी नऊ वनस्पतींची जुडी, नवपत्रिका, साडी नेसवून उभी करतात. असुराला मारणारी देवी आली तरी उगवणारी देवी तिथूनही हटलेली नाही.

येथे आमच्या वर्गात उपयोगी पडलेले एक दूरचे उदाहरण देतो. प्राचीन अथेन्समध्ये बायका अडोनिस या देवाच्या सणात फुटक्या मडक्यांच्या खापरांत माती घालून झटपट उगवणारे बी पेरत. कोंब वर येत आणि थोड्याच दिवसांत वाळून जात. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस विचारतो, शहाणा शेतकरी ज्या बियाण्याची त्याला खरी काळजी आहे ते अशा आठ दिवसांच्या बागेत गंभीरपणे पेरील का? आणि मग तो ही उपमा थेट लेखनाला लावतो : लिहिलेला शब्दही असाच, करमणुकीपुरता. साहित्याच्या विद्यार्थ्याने या जागी थांबावे. सॉक्रेटिसाच्या दृष्टीने बायकांची ती पेरणी आणि आपले लेखन एकाच पंक्तीत, दोन्ही बिनमहत्त्वाची. आमचा घट मात्र त्याला उत्तर देतो. इथे घटात जाते ते रानात जायचेच बी, आणि ते जपून ठेवलेले असते बहुधा घरातल्या बाईनेच. जी पेरणी खेळ म्हणून बाजूला काढली जाते, तिच्यातच पुढच्या पेरणीची काळजी घेतलेली असते. लोकसंहितेकडे 'प्राथमिक' म्हणून पाहणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमांनाही हे उत्तर लागू पडते.

ही संहिता एका हाताने लिहिलेली नाही, हेही सांगायला हवे. घट कुंभाराचा, टोपली बुरडाची, देवळातली पूजा आणि पत्रावळी गुरवाची, हलगी मांग समाजाची, गोंधळ गोंधळ्यांचा. ज्यांच्या हातांशिवाय देवी बसतच नाही, त्यांतल्या कित्येकांना तिच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवता येत नव्हते. या मातीने घडवलेली वाणीही अशीच अनेकांची आहे. कवठे येमाई हे गाव तमाशाच्या जाणकारांना ठाऊक आहे ते लावण्या आणि वगनाट्ये लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर यांच्यामुळे. २०२१ मध्ये ते गेले. देवीच्या नावाचे गाव आपल्या नावात वागवणारा हा कवी मुसलमान होता, याचे त्या भागात कुणाला नवल वाटत नसे. 'देवीचे साहित्य' असा निबंध लिहून घेताना आम्ही ज्या कुंपणाच्या आत राहतो, ते कुंपण गावाने घातलेले नाही.

आता मातीकडे येऊ. गेल्या काही दशकांत शिरूर आणि दौंडची माती पालटली. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडच्या मोठ्या भागात ऊस आणला. शिरूरकडे चिंचणीच्या घोड धरणाने आणि चासकमानच्या कालव्याने तेच केले. ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे आली, न्हावरे आणि पाटस येथे सहकारी साखर कारखाने आले. मग कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली आणि रांजणगावला पंचतारांकित औद्योगिक वसाहत. ज्या घरांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला, काहींना नोकऱ्या मिळाल्या, काहींना दोन्ही पुरले नाही. घट मात्र कुणीच सोडला नाही. नवरात्राच्या आदल्या दिवशी बाजारात माती पिशवीतून विकायला येते, धान्याची पुडी तयार मिळते. या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रांनी वारावरून नऊ दिवसांचे नऊ रंग ठरवून द्यायला सुरुवात केली, आणि आता ते रंग शिरूरच्या बँकेत व दौंडच्या रेल्वे कचेरीतही दिसतात.

यावर नाके मुरडणे सोपे आहे, आणि आमच्या पिढीच्या समीक्षकांनी ते पुष्कळ केले आहे. आम्हांला त्यात सामील व्हायचे नाही. नऊ रंगांनी कचेरीत काम करणाऱ्या बायकांना एकत्र उभे राहण्याचे निमित्त दिले. हा आनंद खोटा ठरवण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिला? विकतची मातीही मातीच असते, तिच्यातही बी उगवते. कोरडवाहू ज्वारीच्या दिवसांना सुवर्णयुग म्हणावे, तर त्या दिवसांतले दुष्काळ आणि कामाच्या शोधात रिकामी होणारी गावे ज्यांनी सोसली त्यांची ती थट्टा होईल. आमचा मुद्दा हळहळीचा नाही. प्रतीक आपल्या मूळ वस्तूपासून सुटले की हलके होते आणि कुठेही नेता येते. त्यात त्याची सोय आहे. पण तेव्हाच ते प्रश्न विचारणेही थांबवते. पिशवीतली माती कुठली, असे कुणी विचारत नाही. मामाच्या रानातली माती मात्र विचारते.

ती काय विचारते? आमच्या विद्यार्थिनीच्या पानाकडे पुन्हा या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्याइतका जन्मजात हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला आणि विवाहितांनाही मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क अबाधित आहे असे स्पष्ट केले. कागदावर याहून अधिक काही मागायला उरलेले नाही. पण गावोगाव दुसरा एक कागद चालतो, हक्कसोडपत्राचा. भावाशी वाकडे नको, माहेर तुटायला नको, म्हणून बहीण त्यावर सही करते. बदल्यात तिला साडी-चोळी, सणाचे बोलावणे आणि, आमच्या विद्यार्थिनीच्या आईसारखी, घटापुरती ओंजळभर माती मिळते. देवीच्या नावाने ज्या मातीची पूजा करायची, तीच माती मागून आणायची. हा व्यवहार कुणी दुष्टपणे ठरवलेला नाही. तो मायेतूनच होतो. त्यामुळे तो अधिक अवघड आहे.

घटाच्या संहितेत ही विषमता आधीपासून लिहिलेली आहे, फक्त आपण ती वाचत नाही. रानात चाड्यावर मूठ धरणारा हात बहुधा पुरुषाचा. घटात बी टाकणारा, पाणी घालणारा, दिव्यातले तेल सांभाळणारा, नऊ दिवस उपास काढणारा जीव बाईचा. आणि दहाव्या दिवशी उगवलेले कोंब कुणाच्या डोक्यावर जातात, तर टोपी-फेटेवाल्यांच्या. सातबाऱ्यावरचे नाव आणि टोपीतला तुरा एकाच बाजूला असतात. हे निरीक्षण सणाची निंदा करण्यासाठी आम्ही मांडत नाही. कुठल्याही चांगल्या संहितेप्रमाणे घट आपल्या समाजाचे खरे सांगतो, इतकेच. पूजा करणाऱ्या बाईच्या हातात माती आहे आणि नावावर नाही, हे त्या टोपलीत उघड दिसते.

हे महाराष्ट्रात कुणालाच सुचले नव्हते असेही नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने, जिच्या आंदोलनाची सुरुवात शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातील चाकणला झाली, १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करावा, असे ते आवाहन होते. आणि ज्या गावात शंभर जणांनी तसे केले, ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून गौरवले जाई. या मोहिमेचे यश किती टिकले, याचा हिशोब अर्थशास्त्राच्या लोकांनी करावा. आम्हांला तिचे नाव महत्त्वाचे वाटते. घरातल्या बाईला लक्ष्मी म्हणायचे आणि तिला काहीच द्यायचे नाही, या आपल्या जुन्या अलंकाराला त्या नावाने एकदा तरी शब्दशः घेतले होते. 'आजची स्त्री हीच दुर्गा' हे वाक्य आपण व्याख्यानाच्या शेवटी उच्चारतो तेव्हा तेही कधी तरी असेच शब्दशः घ्यावे लागेल, याची जाणीव वक्त्याला असावी.

मग साहित्याच्या शिक्षकाने करावे काय? सप्तशती शिकवू नये, असे आम्ही म्हणत नाही. एकनाथांचा जोगवा तर शिकवलाच पाहिजे. भटक्या उपासकाचे मागणे त्यांनी आध्यात्मिक मागण्यात कसे नेले, हे दाखवायला त्याच्यासारखा दुसरा पाठ नाही. पण जोगवा म्हणजे मागणे, हे शिकवताना वर्गातल्या एखादीच्या आईने मागून आणलेली माती त्या पाठाशेजारी ठेवता यावी. त्याची साधने दूर नाहीत. गी पॉयत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक आज आंतरजालावर ऐकता येतात, आणि त्यांत कवठे येमाईच्या शेजारच्या सविंदणे गावच्या बायकांचेही आवाज आहेत. भावाची, माहेराची, देवाची ओवी एकाच जात्याभोवती कशी फिरते, हे विद्यार्थ्यांनी तेथे ऐकावे आणि मग घरी जाऊन आपल्या आजीला विचारावे. दोन तालुक्यांतल्या पन्नास घरांत घट कसा बसतो, माती कुठून येते, बी कोण जपते, माळेला कोणते फूल, याची नोंद एका वर्गाला एका नवरात्रात करता येईल. आपल्या विभागांतून दरवर्षी निघणाऱ्या प्रकल्पांपेक्षा ती अधिक काळ कामी येईल, असा आमचा विश्वास आहे.

त्या नोंदीत एक रकाना अवश्य असावा : माती कुणाच्या रानातली, आणि ते रान कुणाच्या नावावर. हा प्रश्न महसूल खात्याचा, साहित्याचा नव्हे, असे कुणी म्हणेल. आम्हीही काही वर्षांपूर्वी तसेच म्हटले असते. पण त्या मुलीने 'मागून' हा एक शब्द लिहिला आणि आमच्या टिपणांतल्या जोगव्याचा अर्थ बदलला. शब्दाचा अर्थ बदलतो तेथे साहित्याचेच काम असते. पुढच्या प्रतिपदेला घट बसतील, तेव्हा हे पान वर्गात मोठ्याने वाचण्याची परवानगी आम्ही तिच्याकडे मागणार आहोत.